जवसाच्या तेलाच्या चिंध्या

हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई, बायकोला बी न्हाई. भोकरला आमच्या घरामागं पत्र्याचं शेड होतं, तिथंच आमचं सुतारकाम, त्या शेडला आग लागली ती माझ्यानं लागली. सगळे म्हणतात दादाच्या बिडीनं लागली, दादा स्वतः तेच म्हणतो, अन् मी सात वर्षं ऐकून घेऊन राहिलो.

तुम्ही पेपरासाठी लिहून घेताय तर पहिल्यापासून सांगतो. आम्ही भोकरचेच. वडील मी पाचवीत असताना गेले, मग दादानं शाळा सोडून रंधा हातात घेतला, मला मात्र दहावीपर्यंत शिकवलं. काम बी त्यानंच शिकवलं, लाकूड रेषेरेषेनं कसं घासायचं, चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजवून पॉलिश कसं करायचं. लाख लावायचा चिंधीचा बोळा वाळू द्यायचा न्हाई, वाळला की दगड होतो, म्हणून काम थांबलं की बोळे एकात एक गुंडाळायचे, दाबायचे, वर झाकण टाकायचं. काय सांगू तुम्हाला, हाताला ते इतकं बसलेलं की डोकं लागतच नव्हतं त्याला.

तर दादाची पोरगी सुषमा, तिचं लगीन नायगावला ठरलं. ती जन्मली तेव्हा दादानं किनवटच्या डेपोतून सागवान आणून माळ्यावर टाकलं होतं, वीस वर्षं कुणाला हात लावू दिला न्हाई. त्याचा दिवाण अन् कपाट आम्ही दोघांनी दोन महिने खपून केलं. सुषमा म्हणाली काका, चमचम नको, लाकूड लाकडासारखं दिसू द्या. मी मोबाइलवर बघून ठेवलं होतं, म्हणलं जवसाचं तेल लावू. दादा हसला, म्हणला जवस आपण चटणीत खातो, तू आता कपाटाला चार, तुझा गुरू तो मोबाइलमधला मिस्त्री. पण पोरीची हौस, म्हणून हाव, लाव म्हणला. नांदेडहून मी उकळलेल्या तेलाचा डबा आणला. दुकानदार म्हणला मिस्त्री, याच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, पसरून वाळू घाला न्हाईतर पाण्यात टाका, आपोआप पेटतात त्या. मी हाव हाव म्हणलं. मनात म्हणलं, पंचवीस वर्षं पॉलिश करून राहिलो, हा मला चिंध्या शिकवतो.

मे महिना, लगीन पंधरा दिवसांवर. सकाळी शेवटचा हात मारला. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या होत्या, तेलानं चिंब. एकात एक गुंडाळल्या, दाबल्या, कपाटामागच्या कोपऱ्यात ठेवून वर गोणपाट टाकलं अन् जेवायला गेलो. दादा मागं राहिला, दाराजवळ बसून दिवाणाकडं बघत एक बिडी ओढली अन् मग आला. जेवून आम्ही आडवे झालो. चारच्या सुमाराला वहिनीला धूर दिसला.

पहिला मी धावलो. अन् मी डोळ्यानं बघितलं, जाळ गोणपाटाखालून निघत होता, कपाटाच्या पाठीवर चढत होता. दादा बसला होता त्या दाराजवळ काहीच नव्हतं, नुसती फरशी. तेव्हाच मला कळलं. मग लोक आले, बादल्या आल्या, तोवर वरचा पत्रा खाली आला.

शेवटी कोण होतं आत, असं वहिनीनं विचारलं. बिडी ओढली होती का, असं बी विचारलं. दादा हाव म्हणला. मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो, पण वहिनी माझ्याकडं वळलीच न्हाई, अन् न बोलणंच मला सोपं वाटलं.

संध्याकाळी दादा माझ्यासमोर आला अन् वाकला. थोरला भाऊ, माझ्या पाया पडला.

“किसन, पोरीचं आंदण मी जाळलं रे. तुझी बी मेहनत जाळली. माफ कर.”

मी म्हणलं, “जाऊ दे दादा. केलं माफ.”

लगीन लोखंडी कपाटावर भागलं. सुषमा पहिल्या दिवाळीला आली तर बापाशी बोलली न्हाई, अजून बी हाव-न्हाईपुरतंच बोलती. वहिनी त्याला जेवायला वाढायची अन् भिंतीशी बोलायची. दादानं बिडी सोडली, रंधा सोडला, अन् लातूरला एका क्लासच्या होस्टेलवर वॉचमन म्हणून गेला, एकटाच; वहिनी माहेरी राहायला गेली.

इकडं मी बी एकटाच. बायको नातू सांभाळायला पोराकडं हैदराबादला. नवीन शेड बांधलं, काम बी हाय, पण लांब फळी कापायची तर दुसरं टोक धरायला कुणी न्हाई, स्टुलावर ठेवतो अन् ती घसरती. दिवस दिवस तोंडातून शब्द निघत न्हाई.

तीनदा लातूरला गेलो. दर वेळी खरं सांगायचं ठरवून गेलो. दादा गेटवरची स्वतःची खुर्ची मला देतो, आपण उभा राहतो, चहा सांगतो, अन् जोडीच्या वॉचमनला म्हणतो हा माझा धाकटा, लई मोठ्या मनाचा, मी एवढं केलं तरी एका शब्दानं बोलला न्हाई. ते ऐकतो, चहा पितो अन् भोकरची गाडी धरतो.

तुम्ही हे छापा, पण छापल्यानं माझं सुटत न्हाई, दादानं पेपरात वाचून समजून घ्यायचं हे बरोबर न्हाई. दादा सुखात राहो, वहिनी, पोरगी, सगळे. त्या तिघांना एका जागी बसवून, आग माझ्यानं लागली होती, मला ते त्याच दिवशी माहीत होतं, हे माझ्या तोंडानं सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो.