दोन रानांची एक पिशवी

…नाही, पण मला एक सांगा, तुम्ही माणसाच्या हातात दोन पिशव्या दिल्या आणि तो एकच भरून घेऊन आला, तर विचाराल की नाही? एवढंच, की अहो, दुसरी कुठाय? नाही विचारलं! माती तपासणाऱ्या बाईंनी पिशवी घेतली, नंबर चिकटवला, पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या आणि माझ्या मागच्या माणसाशी बोलायला लागल्या. तेव्हा एका शब्दानं विचारलं असतं, तर पुढचं रामायण झालंच नसतं. पण नाही. आणि मग ती माती आली माझ्या आयुष्यात… काय सांगू तुम्हाला, ती माती!

थांबा, सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा कुठून कुठे चाललाय. आमचं रान भाजीचं. दोन तुकडे. वरचा तुकडा उतारावर, तांबडा, मुरमाड, पाणी सोडलं की आपण मान वळवेपर्यंत गडप. तो दादा करतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आणि खालचा तुकडा ओढ्याकडचा, काळा, जड, चपलेला चिकटून थेट घरात येणारा आणि बायकोच्या शिव्या खाणारा. तो मी करतो. आता तुकडे दोन, पण घर एक, चूल एक, भाजी न्यायची गाडी एक. दादाच्या आणि माझ्या खोलीमधली भिंतसुद्धा एकच. सकाळी दादा भिंतीपलीकडे खोकला की मी अलीकडे उठतो. आम्ही गजराचं घड्याळ कधी घेतलंच नाही.

तर एकदा जेवताना हा दादा, अगदी शांतपणे हं, ताटातलं मीठ बोटानं सारखं करत म्हणतो कसा, "तुझ्या रानात काही टाक, येतं. माझ्या रानात जीव ओतला तरी येत नाही. या खेपेला फ्लॉवर धड आला नाही, तर आपण वेगळं होऊ. तू तुझं बघ, मी माझं बघतो." आणि पाणी प्यायला. म्हणजे असं बोलून झाल्यावर माणसाला तहान लागते कशी? मी हातातला घास परत ताटात ठेवला. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, जग वेगळं होतं. जग होतं हो, पण मला या माणसानं पाठीवर बसवून ओढा पार करायला शिकवलं. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांपेक्षा जास्त हा रडला. हा वेगळा झाला, तर सकाळी मला उठवणार कोण?

बायको म्हणाली, माती तपासून घ्या. जे कमी असेल ते घाला, दादांचा फ्लॉवर येईल, विषय संपला. तिचं डोकं असं सरळ चालतं. माझं नाही चालत. माझं डोकं वाटेत बसतं, झाडाखाली जरा टेकतं, ढग बघतं…

तर गेलो मी त्या बाईंकडे. त्यांनी सगळं समजावलं. बांधाजवळची माती नको, खताच्या ढिगाजवळची नको, वरचा पालापाचोळा बाजूला करायचा, वीतभर खोल खणायचं, रानातल्या सात-आठ ठिकाणची थोडी थोडी घ्यायची, एकत्र करायची, सावलीत सुकवायची. आणि रंग वेगळा असेल तर पिशवी वेगळी. हे त्यांनी सांगितलं होतं. मी नाही म्हणतच नाही. मी फक्त म्हणतोय, नंतर विचारायला काय जात होतं?

दुपारची वेळ. दादा जेवून आडवा झालेला. मी झाडाखाली जुनी चादर पसरून बसलो, या बाजूला वरच्या रानाची तांबडी माती, त्या बाजूला खालच्या रानाची काळी, मध्ये मी आणि दोन रिकाम्या पिशव्या. एकीवर दादाचं नाव लिहायचं, एकीवर माझं. पेन काढलं आणि हात पुढे जाईना! म्हटलं, हे बघ, सुरुवात इथूनच होते. आज माती दोन पिशव्यांत, उद्या भांडी दोन खोक्यांत, परवा मधल्या भिंतीतलं दार बुजवलेलं. एका आईच्या पोटची माणसं, त्यांची माती वेगवेगळी तपासायची? आणि मी तुम्हाला सांगतो, माझे हात आपोआप पुढे झाले. तांबडी ओढली, काळी ओढली आणि कालवली. अहो, काय रंग आला! भाजलेल्या विटेसारखा, पण मऊ. वारा सुटला होता, पानांची सावली चादरीवर हलत होती आणि आम्ही दोघे भाऊ तिथे बोटांमधून गळत होतो, कुठला कोण ते कळत नव्हतं. मला भरून आलं. एक पिशवी भरली, दुसरीत बायको आता कपड्यांचे चिमटे ठेवते.

अहवाल आला. नत्र मध्यम. स्फुरद मध्यम. पालाश पुरेसं. बोरॉन पुरेसं. पाणी धरून ठेवण्याची ताकद चांगली, निचराही चांगला. फार जड नाही, फार हलकी नाही, आंबट नाही, खारट नाही. मी वाचतोय आणि वाचतोय… अशी माती! चिखल करत नाही, तहानेनं तडकत नाही, कुणाशी भांडत नाही. दुपारी डोळा लागला की मी तिच्यावर चालायचो. खरंच चालायचो, अनवाणी. पायाखाली उबदार, एकसारखी, ना उतार ना बांध, लांबपर्यंत पसरलेली. पलीकडच्या टोकाला दादा उभा असायचा, हात हलवायचा, आणि मधे कुठेच तुझं-माझं नसायचं. बायको हलवून उठवायची, म्हणायची, झोपेत हसताय काय? आता तिला काय सांगू, की ती माती…!

कागदावर लिहिलं होतं तेवढं खत मोजून दोन्ही रानांत घातलं. सारखं. इकडे एक मूठ, तर तिकडे एक मूठ. दादा बघत होता, म्हणाला, दोन्हीकडे तेवढंच? मी म्हटलं, शास्त्र आहे दादा, शास्त्रात आपण बोलू नये. शिकलेल्या माणसांपुढे दादा गप्प बसतो आणि त्या दिवशी मला त्यानं शिकलेला धरलं.

मग काय व्हायचं ते झालं. माझे टोमॅटो… अहो, टोमॅटो कसले, जंगल! माझ्या डोक्यावर गेले. आधीच माजलेली माती, त्यात मी आणखी खाऊ घातलं. पानं अशी हिरवीगार, की आत शिरलं की थंड वाटायचं, वर आभाळाचे तुकडे दिसायचे, स्वर्ग हो स्वर्ग! फक्त टोमॅटो नव्हते. आणि वर दादाच्या रानात घातलेलं खत पाण्याबरोबर खाली निघून गेलं. फ्लॉवरचे गड्डे एवढे एवढे, वर तपकिरी डाग. एक कापून बघितला, तर दांडा आतून पोकळ. दादानं तो हातात घेतला, पोकळ दांड्यातून माझ्याकडे बघितलं आणि पुढचा कापायला घेतला. ओरडला असता तरी चाललं असतं.

बायकोनं त्या बाईंना रानावर बोलावलं. बाई आल्या, वरची माती मुठीत दाबली, मूठ उघडली, माती सुटून पडली. खाली आल्या, दाबली, तिचा गोळा झाला. मग कागद बघितला. पुन्हा माती बघितली. आणि मला विचारलं, आत्ता विचारलं हं, की हा नमुना कुठल्या रानाचा? मी म्हटलं, दोन्ही. त्या म्हणाल्या, म्हणजे? मी म्हटलं, कालवून. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "अहो, ही माती तुमच्याकडे नाही. कुणाकडेच नाही. तुम्ही खत घातलंत ते कुठेच नसलेल्या मातीच्या मापानं."

कुठेच नसलेली! मला एकदम कुणीतरी गेल्यासारखं वाटलं. मी तिथे अनवाणी चाललो होतो हो.

दादा म्हणाला, "माझी माती तुझ्या मातीत कालवायला तुला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "तू वेगळा होऊ नयेस म्हणून."

झालं. बोलून गेलो. बाई टोमॅटोची पानं बघायला लागल्या, एकच पान, बराच वेळ. दादानं वरच्या रानातून मुठीत आणलेली माती खाली टाकली, हात झटकले आणि झटकता झटकता माझ्या पाठीवर एक जोरात ठेवून दिली. शर्टावर पंजा उमटला, तांबडा. मग म्हणाला, "बाई, दोन पिशव्या द्या. या वेळी मी भरतो."

दोन पिशव्या, दोन कागद, सगळं वेगवेगळं. माझी माती म्हणे श्रीमंत आहे, तिला यंदा जवळजवळ काही घालायचं नाही, नुसतं बघत बसायचं. मी म्हटलं वा, चादर आहे, झाड आहे, ढग आहेत… पण दादाच्या मातीच्या हातात काही टिकत नाही. तिला एकदम सगळं द्यायचं नाही, थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्यायचं, रोपाला रोप धरून, वाकून, शिवाय कुजलेलं खत पाट्या भरून उतारावर चढवायचं, शिवाय दांडा पोकळ होऊ नये म्हणून चिमटीनं बोरॉन. आणि हे एका माणसाचं काम नाही. आणि रिकामा कोण? ज्याची माती श्रीमंत तो!

आता दादा पहाटे खोकतसुद्धा नाही, सरळ भिंतीवर थाप मारतो. फ्लॉवर असा आलाय वर, पांढराशुभ्र, की लोक बांधावर थांबून बघतात. दादा खूश. परवा खताची पाटी डोक्यावर, अर्ध्या उतारावर मी थांबलो, दम खाल्ला आणि मीच म्हटलं, दादा, आपण वेगळं व्हायचं म्हणत होतो, त्याचं काय झालं? तर दादा गड्डा निरखत, मान वर न करता म्हणतो, "कशाला? चांगलं चाललंय की."

कुणाचं चांगलं चाललंय, ते जरा माझ्या कमरेला विचारा.