काकांचे पाय उंचावर

भाऊसाहेब, वहिनीसाहेब, आणि पालघर-बोईसरहून आलेल्या मंडळींनो,

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या भाषणांसाठी मांडव घातले. आज स्वतः बोलायची वेळ आली, तर माइक कसा धरायचा तेच कळेना. सांभाळून घ्या.

काकासाहेब चोपन्नाव्या वर्षी गेले. समोर बसलेले त्यांचे सख्खे पुतणे, भाऊसाहेब, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नवख्या माणसाला हे उलटंच वाटतं. थोरल्या राजांना, म्हणजे काकांच्या वडिलांना, सत्तरीत हा मुलगा झाला, तेव्हा त्यांचा नातू चोवीस वर्षांचा होता! हा नातू, म्हणजे हेच भाऊसाहेब, काकांना कडेवर घेऊन फिरायचा आणि म्हणायचा काय? "काकासाहेब, रडू नका."

घाटावरचं संस्थान गेलं, कुटुंब पालघरला आलं. काका शिफ्टच्या बसनं बोईसरच्या कारखान्यात जाऊ लागले. पण नात्याचा मान सुटला नाही. दर दसऱ्याला भाऊसाहेब सोनं द्यायचे, वाकून काकांच्या पायांना हात लावायचे.

गेल्या दसऱ्याआधी काका सालवडला माझ्या गोदामात आले. "यंदा स्टेज कमरेएवढं कर. मी कडेला बसेन."

मी म्हटलं, "काका, राज्याभिषेक हाय काय?"

हसले. म्हणाले, "भाऊंचे गुडघे गेलेत रे. नमस्कार ते सोडायचे नाहीत. मग माझे पायच वर आण. आणि कुठं बोलू नकोस. त्यांना कमीपणा वाटेल."

केलं स्टेज. मांडवात कुजबुज सुरू. माझे कान तिखट. "म्हाताऱ्याला खाली उभा केला नि आपण वर बसलाय. राजा हाय ना!" मी ऐकलं. काकांनी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत, भाऊसाहेब. त्या दिवसापासून तुम्ही काकांशी बोलला नाहीत.

आणि मी गप्प राहिलो. शब्द दिला होता म्हणून? की मोठ्यांच्या घरात आपण कशाला तोंड घालायचं, म्हणून? खरं सांगू? दुसरंच. वाटलं, अजून वेळ आहे.

काका मला फोन करून विचारायचे, "भाऊ जिना चढतात का?" मी म्हणायचो, "सांगून टाकू त्यांना?" "नको. पुढच्या दसऱ्याला बघू."

पुढचा दसरा आलाच नाही.

काकासाहेब, तुमचा शब्द आज मोडला. उशिरा मोडला, याची माफी मागतो.

मंडळी, आता दोन मिनिटं शांत उभे राहूया. भाऊसाहेब, तुम्ही नका उठू. तुम्ही बसूनच राहा. तुमच्या काकांनी सांगितलंय.