बटनांचा डबा

(जिल्हा कारागृहातली भेटीची खोली. मध्ये जाळी.)

राजेश्री : शेजारच्या दगडाबाईमावशी मला दिवाळीतच म्हणल्या होत्या, योगी. 'राजे, तुझा भाऊ पोरायला बटनं वाटायलाय, ध्यान दे.' मी हसले. म्हणलं, माझी शिलाई मशीन आहे ना, माझ्याच डब्यातली नेत असंल.

योगीराज : शर्टाची? आन् तू बीए झाल्याली!

राजेश्री : हसू नको. झोपेच्या गोळ्यांना तुम्ही बटनं म्हणता, मला काय माहीत?

योगीराज : म्हणून तर म्हणायचो. कुणाच्याबी म्होरं बोलता यायचं.

राजेश्री : आणि ठेवल्यास कुठं? माझ्याच बटनांच्या डब्यात, तळाला.

योगीराज : वाटलं, तितं कोण हात घालंल.

राजेश्री : वैष्णवी घालते. माझी दोन वर्षांची पोर, दिवसभर तोच डबा तिचा खेळ. त्या दिवशी पाकीट तिच्या हातात. एक गोळी कमी. मी तिच्या घशात बोट घातलं...

योगीराज : गिळली व्हती?

राजेश्री : नाही. मशीनखाली सापडली. योगी, मला एक सांगायचंय. मागच्या भेटीतपण तोंडाशी आलं आणि तशीच परत गेले.

योगीराज : ठाण्यात तूच गेल्तीस.

राजेश्री : कुणी सांगितलं?

योगीराज : वकिलानं कागदाची झेरॉक्स दिली. तुझी सही वळखंना का मला? माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबाच्या जागी कोण करायचं?

राजेश्री : मला वाटलं, साहेब समज देतील, सोडतील. झडतीत अजून नऊ पाकिटं निघाली. मी हात जोडले, ह्याला दवाखान्यात घाला. ते म्हणाले, ताई, ह्या कागदात दवाखान्याचा रकाना नाही.

योगीराज : इकल्या न्हाईत मी, आमच्या चौघांपुरत्या आणायचो. पर आणल्या तर मीच ना? तुझ्या सहीनं आणल्या का?

राजेश्री : असं बोलू नको रे. शिव्या दे.

योगीराज : येळ जाईल, ऐक. पिंगळीचा जीवन, आमच्या चौघातलाच, स्टेशनामागं ऱ्हातो. त्याच्याकडं बारा-पंधरा दिवसाच्या व्हत्या, आता सरल्या असतील. एकदम बंद झाल्या की झटके येतेत. मला आत आले, पर हितं डॉक्टर तरी हाय. तो पोलिसाला भिऊन दवाखान्यात जायचा न्हाई. मायबाप ऊसतोडीला गेलेत, घरात एकटाच हाय.

राजेश्री : मी आत्ता जाते.

योगीराज : तुझ्या आवाजाला कडी काढायचा न्हाई तो. तू सांगितलं, हे समद्या पोरायला कळलंय.

शिपाई : चला ताई, वेळ संपली.

(कारागृहाच्या फाटकाबाहेर. भेटीला आलेली सुकेशनी वैष्णवीला सांभाळत बसलेली.)

सुकेशनी : या बाई, बाहेर सावलीला बसा. ही घ्या तुमची लेक. लय गुणाची हाय, रडली न्हाई.

राजेश्री : तिच्या तोंडात काय आहे?

सुकेशनी : माझी बांगडी हो! किती दचकता? भाऊ का आत?

राजेश्री : भाऊ. तुमचं कोण?

सुकेशनी : मालक. भेटून झालं, आता पिंगळीची गाडी धरायची.

राजेश्री : पिंगळी? बाई, तुमच्या पाया पडते. स्टेशनामागं जीवन नावाच्या मुलाचं घर विचारा. दार वाजवा. आतून आवाज आला नाही, तर शेजाऱ्यांना बोलवून दार मोडा आणि सरळ दवाखान्यात न्या. आवाज आला, तर माझं नाव घेऊ नका, कडी काढायचा नाही. नुसतं विचारा, जेवलास का म्हणून.