चादरीखालचा घाणा

...हसू नका! स्वतः विकत घेतलेलं मशीन स्वतःच्याच दुकानात सात महिने चादर पांघरून झोपलेलं बगायचं, अन् त्याला धक्का लागू नये म्हणून आपणच अंग चोरून ये-जा करायची, हे तुमच्या नशिबी येऊ द्या, मग हसा! तुम्हाला सांगतो, मी मल्लेश, उदगीरला करडईच्या तेलाचं दुकान हाय आमचं. लाकडी घाणा, वडलांनी बसवलेला, अठरा वर्षं झाली. वडील गेले, घाणा हाय. कुरकुरतो लई, पण तेल असं काढतो की... जाऊ द्या, तेलावर बोलाय लागलो की मुद्दा ऱ्हातो.

मुद्दा अनुदान! धंदा चांगला चालला होता हो. देवणीचे गुरुबसप्पा खानावळवाले एकटेच निम्मं तेल न्यायचे. एक दिवस म्हणले, "मल्लेश, खानावळ वाढवलो मी. तेल दुप्पट लागतंय. देतोस का दुसरीकडं बगू?" म्हणलो, देतो की! नवा घाणा घेतो, दोन उखळांचा! अन् तिथंच कुणीतरी माझ्या कानात फुंकलं, नव्या मशीनला सरकारी अनुदान हाय. झालं! पंगतीत पोट टम्म भरलेलं असतंय, तरी जिलबीवाला आला की हात पुढं होतोच का न्हाई आपला? तसं झालं.

मशीन आलं. ऑफिसातला बाबू पान चघळत म्हणतो, "मालक, तपासणी होईपर्यंत चालवायचं न्हाई. हलवायचं न्हाई. मशीनवरचा नंबराचा बिल्ला पुसायचा न्हाई. कोरं दिसलं पायजे, कोरं!" म्हणलो, तपासणी कवा? "सबर करा की! सरकारी काम हाय!"

केलो सबर! अर्जात लिहिलेलं, यंत्र दर्शनी भागात पायजे. म्हणून नवा घाणा पुढं, नवरीसारखा, अन् वडलांचा घाणा मागच्या पडवीत. पडवीतली वायर बारीक, घाणा निम्म्या चालीनं फिरणार. दुप्पट तेल काढायला अनुदान मागितलो, अन् तेल झालं निम्मं! गिऱ्हाईक दारात आलं की चादरीकडं बघून आवाज बारीक करायचं, "मल्लेश... कुणी गेलं का घरात?" काय सांगू त्यांना? अन् तो फोटो! परवाना आमच्या अव्वाच्या, म्हंजी आईच्या, नावावर, म्हणून अव्वा अन् मशीन एका फोटोत पायजे. पहिल्या फोटोत अव्वानं डोळे मिटलेले, परत काढा. दुसऱ्यात डोळे उघडे, पण बिल्ला पदराखाली, परत काढा. अव्वा म्हणाली, "लग्नातबी माझे एवढे फोटो काढले न्हाईत रे!" सात खेपा मारलो मी. मागं हटणारा गडी न्हाई मी, आठवी मारली. अन् बाबू? "सबर करा, मालक!"

तिकडं गुरुबसप्पांचा फोन. "दसऱ्यापर्यंत थांबतो. त्या दिवशी सांजेपर्यंत चार डबे आले तर तुझं-माझं जमलं. न्हाई तर खामखा फोन करू नकोस." निम्मा धंदा हो तो! तो माणूस गेला की दुकानात ऱ्हाणार कोण? मी, अव्वा अन् चादर!

अन् तपासणीचे साहेब आले कवा? सात महिन्यांत सगळे दिवस सोडून, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. खंडेनवमीला! आमच्यात त्या दिवशी हत्यार धुवायचं, पुजायचं, पण चालवायचं न्हाई. वर्षातून एक दिवस त्याला इसावा. अव्वानं दोन्ही घाण्यांना विभूती लावलेली, झेंडूचे हार घातलेले. साहेब म्हणले, "चालू करून दाखवा."

अव्वा ताट घेऊन आडवी! "आज न्हाई. राबणाऱ्याला आज इसावा हाय."

"आजी, हे राबलंय कुठं अजून?"

"राबलं न्हाई, पण राबणार हाय का न्हाई?"

इकडं साहेबाचा पेन, तिकडं अव्वाचं ताट! साहेबांनी सणाची दोन वाट्या हुग्गी, गव्हाची खीर हो, खाल्ली, मिशा पुसल्या अन् लिहिलं, 'यंत्र बंद आढळले. फेरतपासणी करावी.' म्हणलो, साहेब, कवा? "सबर करा. सरकारी काम हाय."

बास! तुम्हाला सांगतो, त्या घडीला ठरवलो, अनुदान गेलं उडत. दसऱ्याला उजाडता उजाडता चादर ओढलो, बटन दाबलो. काय फिरला हो घाणा! दिवसभर जेवलो न्हाई मी. सांजेला चार डबे घेऊन स्वतः देवणीला गेलो. गुरुबसप्पांनी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, आपट्याची पानं दिली अन् छातीशी धरलं. रडलो मी. खोटं कशाला बोलू?

तवापासून नवा घाणा जोरात चाललाय, गिऱ्हाईक पयल्यापेक्षा जास्त. जुन्याला इसावा. अव्वानं तो गरम पाण्यानं घासला, तेलाचा हात फिरवला. "तुझ्या बापाचा हाय, धूळ नको बसायला," म्हणाली, अन् तीच चादर त्याला पांघरली.

दिवाळी झाल्यावर फेरतपासणी. साहेबांनी नव्या घाण्यावर बोट फिरवलं अन् नाक मुरडलं. "हे तर तेलकट हाय! वापरलेल्या मशीनला अनुदान न्हाई." म्हणलो, साहेब, तेलाचा घाणा तेलकट न्हाई होणार तर काय पावडर लावून बसणार? पण लिहिलं त्यांनी. नामंजूर. ठीक हाय म्हणलो, हात धुवा, चहा घ्या.

हात धुवायला पडवीत गेले. अन् उचलली चादर!

"अरे! हे कोरं करकरीत लपवून ठेवता, अन् ते वापरलेलं दाखवता? ह्याचा अर्ज भरा!"

म्हणलो, साहेब, ते अठरा वर्षांचं हाय हो! वडलांचं! "मला शिकवता? वीस वर्षं मशिनी बघून राहिलो मी!" स्वतःच्या हातानं अर्ज भरला त्यांनी, अव्वाला घाण्याजवळ उभी करून स्वतःच फोटो काढला, अन् ह्या बारीला, तुम्हाला सांगतो, अव्वाचे डोळे पयल्याच झटक्यात उघडे!

झाले आता चार महिने. जुन्या घाण्याला हात लावायचा न्हाई, कोरा दिसला पायजे. कवा येतेत तपासणीला म्हणून बाबूला इचारलोच न्हाई मी ह्या खेपेला. मीच म्हणलो, सबर करतो साहेब... सरकारी काम हाय!