टर्कीच्या पोटातलं सारण

थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे अख्खा टर्की पक्षी भाजायच्या सणाचा, आदला दिवस. बाहेर बर्फ साचला होता आणि आमच्या विस्कॉन्सिनमधल्या दुकानात रांग पार दुधाच्या कपाटापर्यंत गेली होती. माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या, थोरली आर्डिस आणि धाकटी जोलीन.

“यंदा सूनबाईसाठी घरातून गहूच हद्दपार केलाय, जोलीन. तिला गव्हाचा कणही सोसत नाही. मागच्या वर्षी माझ्या हातचं जेवून बिचारी टेसा दोन दिवस पोट धरून पडली होती.”

“ग्रेव्हीत मैदा लागतो की!”

“कॉर्नफ्लॉवर घालणार.”

“आणि पाव?”

“पावाचा चुरासुद्धा सापडायचा नाही. हॅरल्डचा टोस्टर गॅरेजमध्ये नेऊन ठेवलाय. गेला आठवडाभर तिथंच कोट घालून नाश्ता करतोय बिचारा.”

“धन्य आहे तुझी आणि तुझ्या नवऱ्याची! मग टर्कीच्या पोटात काय भरणार?”

“भरलंसुद्धा सकाळी. आईचं सारण, दरवर्षीचं.”

“आईचं म्हणजे पावाचं?”

“ते आत असतं गं. बाहेरून कुठं दिसतंय?”

“आर्डिस! त्याचा रस सगळ्या मांसात उतरतो. म्हणून तर आई भरायची!”

“मग काय, आईचं सारण फेकून देऊ?”

“आणि सुनेला काय वाढशील, उकडलेले बटाटे?”

“थांब. माझा नंबर धर.”

आर्डिस परत आली ती दुसरी, गोठलेली टर्की तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून.

“अगं, हा दगड उद्यापर्यंत वितळायचा कसा?”

“बाथटबमध्ये, गार पाण्यात.”

“आणि हॅरल्डची अंघोळ?”

“गॅरेजमध्ये नळ आहे.”