लोखंड बंद ठेवलं होतं

बबन : ऐकलंत ना, इंदूताई? पाऊल टाकलं की मशीन बोंबलतंय. इथे, इथे, आणि हे बघा, इथेसुद्धा. अख्खा भराव सळयांनी भरलाय. कुठली तरी बिल्डिंग पाडून आणून ओतलीय पेणकरपाड्याच्या डोक्यावर.

इंदूबाई : म्हंजी हे जुनं मशीनबी कामाचं न्हाई?

बबन : मशीनला नावं ठेवू नका हां. वीस वर्षं पोसलंय त्याने मला. उत्तनच्या वाळूत नथी शोधल्या, विसर्जनानंतर खाडीच्या चिखलातून अंगठ्या काढल्या. पण बाजारात सगळेच ओरडायला लागले, तर त्यात तुमची हाक कुणाला ऐकू येणार? तसं झालंय त्याचं.

इंदूबाई : मागल्या सोमवारी तर भराव नव्हता. तवा का न्हाई आणलं हे? आमची शेजारीण शालू म्हनली व्हती, बबनभाऊकडं काट्याचं मशीन हाय, ते भुईतलं समदं सांगतं. म्हनून तर तुमच्याकडं आले.

बबन : सांगतं हो, फारच सांगतं! कानाला हेडफोन लावून दिवसभर त्याची कुरकुर ऐकायची. खाऱ्या जमिनीत तर गप्पच बसत नाही. तो काटा थरथरतो, आवाज चढतो-उतरतो, आपण त्यातून ओळखायचं. माझेही कान आता साठीचे झाले. नवीन कसं, डिजिटल. पोराने दुबईहून पाठवलंय. स्क्रीनवर आकडा येतो, डोळ्यांनी वाचायचा. तुमचं हरवलेलं डोरलं सोन्याचं, म्हणून मुद्दाम वरचं मशीन आणलं. सोन्यावर लावलं आणि तीन दिवस इंच न् इंच फिरवलं.

इंदूबाई : त्या तीन दिवसांत लोखंड किती डाव वाजलं?

बबन : लोखंड? छे, एकदाही नाही. लोखंड बंद ठेवलं होतं.

इंदूबाई : बंद?

बबन : तीच तर मजा आहे नव्याची. खिळे, नटबोल्ट, पत्रे, सगळं गाळून टाकतं. एक बटण दाबायचं, मग लोखंडावरून गेलं तरी ब्र काढत नाही. फुकटची खणाखणी वाचते. ह्या म्हाताऱ्या मशीनला असला भेदभाव कुठला कळायला! खिळा असो नाहीतर मोहर, त्याला प्रत्येकाचं सांगायचंच असतं... अहो, काय झालं? ताई? बसा, बसा. ह्या दगडावर बसा.

इंदूबाई : डोरलं नव्हतं, भाऊ.

बबन : म्हणजे?

इंदूबाई : डोरलं नव्हतंच. विळा व्हता. लोखंडाचा.

बबन : विळ्यासाठी मला तीन दिवस फिरवलंत? थट्टा करताय का माझी?

इंदूबाई : बाळंतिनीच्या उशाखाली ठेवत्यात न्हाई का, त्यो. सासूनं परभनीवरून आणला व्हता. लेकरू गेलं तवा त्याच्यासंगट मातीत दिला.

(बबन मशीन बंद करतो. मागचा डंपर रिकामा होऊन निघून जातो.)

बबन : कधीची गोष्ट?

इंदूबाई : नव्यान्नव साली. नऊ दिवसांची व्हती. बाराव्याला नाव ठेवनार व्हतो. तवा आमी हितंच ऱ्हायचो, पल्याडच्या झोपड्यांत. दोन फुटांवर पानी लागलं, म्हनून खोल खनताबी आलं न्हाई, असं हे म्हनले. बाया जात न्हाईत ना त्या वक्ताला. मी घरात भिताडाकडं तोंड करून बसलेली. जागा त्यांनाच ठावं.

बबन : मग मालक कुठे आहेत तुमचे?

इंदूबाई : गेल्या साली गेले. गावाकडं नेऊन माती दिली त्यांना. शेवटाला येकच म्हनत व्हते, लेकीला माज्याजवळ आन. मी व्हय म्हनलं. मग कळलं, हितं रस्ता व्हनार हाय.

बबन : अहो, मग पहिल्याच दिवशी सांगायचं ना मला!

इंदूबाई : आधी गोडदेवच्या धर्माजीला सांगितलं व्हतं. खनायला आला व्हता. लेकराचं ऐकलं अन् कुदळ उचलून निघून गेला. तुमीबी गेला असता तर? अन् विळा हुडकायला कोन येतं? सोनं म्हनलं की मानूस येतं.

बबन : मी आलो असतो... काय माहीत. नसतोही आलो. खोटं कशाला बोलू तुमच्याशी.

इंदूबाई : नव्या मशीननं काईच दावलं न्हाई? येक डावबी?

बबन : आवाज नाही केला.

इंदूबाई : अन् आकडा?

बबन : दुसऱ्या दिवशी, त्या तिवराच्या खुंटाजवळ. आकडा सारखा खाली पडत होता. खालचा आकडा म्हणजे लोखंड. म्हटलं, असेल पत्राबित्रा, आणि पुढे गेलो. दोनदा गेलो त्याच्यावरून, ताई. हे जुनं हातात असतं ना, तर पाऊल उचलू दिलं नसतं त्याने मला.

इंदूबाई : त्यो खुंट कुठं हाय?

बबन : तो मधला ढिगारा दिसतोय ना... त्याच्या खाली कुठेतरी.

महिपत (भरावाच्या कामावरचा मुकादम, लांबून) : ओ काका! साइड में हो जाओ! गाडी मागे येतेय, दिसत नाही का?

बबन : मुकादम, ऐका जरा. दोन दिवस थांबवता येईल का हे? एवढा एकच भाग?

महिपत : काय बोलताय काका? पंधरा फूट भराव झालाय. खाली काय सोनंबिनं पडलंय का तुमचं?

इंदूबाई : न्हाई, दादा. सोनं न्हाई. टाका तुमी.

बबन : ताई, कशाला हो म्हणालात!

इंदूबाई : जाऊ द्या. भाऊ, ह्या जुन्यानं कसा आवाज केला असता?

बबन : आता राहू द्या ना ते.

इंदूबाई : सांगा की.

बबन : सोनं बारीक बोलतं. लोखंड घोगरं. आणि विळ्यासारखं लांबट असलं की दोनदा बोलतं. एकदा टोकाला, एकदा मुठीपाशी. ऊं... ऊंऽऽ. असं काहीसं.

इंदूबाई : लई अशक्त व्हती ती. नऊ दिवसांत रडलीच न्हाई. नुसतं तोंड उघडायची. आवाज कसा हाय तिचा, मला ठावंच न्हाई.

बबन : ताई...

इंदूबाई : त्यो आवाज परत काढा, भाऊ. त्या ढिगाऱ्याकडं तोंड करून.