अक्षताचा दुश्मन

हॅलो?… हां, कोण?… अंबूआक्का! तुमी?… न्हाय, न्हाय, नंबर हाय की. पुसला नव्हता. घराची वाटणी झाल्यापासनं तुमचा फोन न्हाय, म्हणून जरा… बोला की.

काय?… कुठल्या मागावरचा? मामंजींच्या?… त्यावर ती खासबागच्या लग्नाची साडी हाय न्हवं?… सगळा ताणा कापला? उभे धागे सगळे? अरे देवा… आरपार…

न्हाय, मला… मला कसं म्हाईत असंल?… व्हय, उंदीर एवढं सरळ कापत न्हाय.

कोण? रवळू?… अवो, तो कशाला कापंल! तुमच्याच मागावर त्याचं पोट हाय… भावजींनी काढून टाकलं? आजच?… थांबा, आक्का… अवो, ऐका की! पोलीस कशाला आणि!

…हां, हाय मी. सुताच्या कांड्या भरायचं मशीन बंद केलं… आक्का, रवळूनं न्हाय कापलं.

आमच्या अक्षतानं कापलं.

…व्हय. दुपारी तुमच्याकडं खेळायला आलती न्हवं? घरी आली ती कातर घिऊन. कपाळाला माझी ओढणी बांधलेली. म्हणते, मम्मी, बदला घेतला.

कसला काय… मोबाईलवर जपानचं एक कार्टून लागतंय. तलवारवाला असतोय, सामुराई म्हणत्यात. त्याचं घर जाळलेलं असतंय, मग तो दुश्मनाला हुडकत गावोगाव फिरतोय. कार्टून म्हणजे पोरांचंच, असं धरून मी लावून द्यायची… व्हय, मोठ्या माणसांचं असतंय ते. रक्त बघितलं तवाच कळलं मला. तरी बंद न्हाय केलं. पोर गप बसत हुती, माझं काम हुत हुतं.

न्हाय, आक्का. कार्टूनला शिव्या दिऊन भागणार न्हाय. त्या सामुराईला शहापुरातली आपली गल्ली कुठं म्हाईत? तिनं मला विचारलं, मम्मी, आपला दुश्मन कोण?… मी सांगितलं, तुझा थोरला काका. आजोबांचा माग त्यानंच नेला.

…हसत हसत सांगितलं हो. पण रोज तेच बोलते न्हवं मी. भाकरी थापताना तेच, कांड्या भरताना तेच. पोर ऐकतच हुती की.

ताणा चढलेल्या मागाला कातर लावायची न्हाय, हे आपल्या विणकरांच्या पोरांना चालायच्या आधी कळतंय. तिलाबी कळतंय. म्हणूनच लावली, आक्का. काच फोडली असती, तर पोरखेळ म्हटलं असतं…

काय म्हणता?… कुणाला सांगायचं न्हाय? रवळूचंच नाव ऱ्हाऊ दे?… आक्का… एवढं केलं तरी माझ्या पोरीला झाकताय तुमी. लाज वाटते मला. पण न्हाय. त्या रवळूच्या बायकोला मी उद्या कुठल्या तोंडानं बघू?

भावजी हाईत जवळ?… द्या त्यांच्याकडं… म्हाईत हाय. थोरल्या दिरासंगं मी कधी तोंड वर करून बोलले न्हाय. तरी द्या.

…भावजी? मी… मी राजेश्वरी. रवळूला परत बोलवा. ताणा अक्षतानं कापला… व्हय. पण तुमचं नाव तिला मीच सांगितलं… न्हाय, तिला काय बोलू नका. मला बोला. काय बोलायचं ते मला… धागे मी सांधून देते. एकेक सांधते, भावजी… हॅलो?… भावजी?… हॅलो?

ठेवला.

अक्षता, चपला घाल… आधी रवळूमामाच्या घरी. मग थोरल्या काकाकडं… भ्या वाटतंय?… मलाबी वाटतंय गं. चल.